राखेतले ब्रेक

आमच्या घरी मोटर होती, हे मी आजवर कोणाला मिरवून सांगितलेलं नाही. ज्यांच्याकडे मोटर असते ती माणसं कुठे कुठे जातात म्हणे. माझं तर मोटरीपायी उंबऱ्याबाहेर पाऊल पडेनासं झालं.

मी नवापूरची. सासर शहाद्याच्या अंगाला, लोणखेड्यापासून थोडं पुढे. माहेरी जायचं म्हणजे बैलगाडीनं प्रकाशापर्यंत यायचं, तिथे तापी ओलांडायची, मग नंदुरबार, आणि तिथून आगगाडीनं नवापूर. उन्हाळ्यात नदीला उतार असला की दोन दिवसांचं काम. फार लांब नव्हतं. लांब केलं ते माझ्या सासऱ्यांनी.

सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणे. तापीकाठची काळी जमीन, केळी, कापूस, दारात चार बैलजोड्या. स्वभावानं वाईट नव्हते. कधी आवाज चढवायचे नाहीत, सुनेला लुगडं आणायचे ते लेकीसारखं निवडून आणायचे. एवढा गोड माणूस की त्याच्याशी भांडायची सोय नव्हती. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाची कापडी टपाची मोटर त्यांनी विकत घेतली, आणि माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच आखाजीला म्हणाले, आपली सून मोटरीतून माहेरी जाईल.

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्या खानदेशात दिवाळी एक वेळ सासरी निघते, आखाजी निघत नाही. भाऊ मुराळी होऊन न्यायला येतो, माहेरच्या निंबाला झोके बांधलेले असतात, हातांवर मेंदी असते. सासुरवाशीण वर्षभर जे गिळते ते त्या चार दिवसांत झोक्यावर बसून बाहेर काढते. म्हणून त्या सकाळी नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन मी मोटरीत मागे बसले तेव्हा मला मोटरीचं काही नव्हतं. मला झोका दिसत होता.

प्रकाशाच्या घाटावरून नदीत उतरायचा रस्ता तेव्हा चांगलाच उताराचा होता. आबांनी ब्रेक दाबला. काहीतरी कट्‌ करून वाजलं आणि मोटर सुटली ती सरळ डोहात. पाणी छातीपर्यंतच होतं, म्हणून आम्ही वाचलो. माझं लुगडं, मेंदी, आईसाठी बांधलेल्या सांजोऱ्या, सगळं तापीमाईला गेलं. बैलांच्या दोन जोड्या लावून मोटर वर ओढली, तेव्हा काठावर जत्रा जमली होती. कोणीतरी ओरडलं, "आबा, मोटरले पोहता येस का?" सगळा घाट हसला. खरं सांगते, पदराआड मीही हसले.

आबा हसले नाहीत. ओल्या धोतरानं, चिखलात उभे राहून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मन्ही वहू आते माहेर जाई ते याच मोटरमा जाई. नई ते जावाव नई!"

सून माहेरी जाईल ती याच मोटरीतून, नाहीतर जाणारच नाही. पैज त्यांनी लावली आणि डावावर मला ठेवलं. मला कोणी विचारलं नाही. त्या दिवशी आम्ही बैलगाडीतून घरी परतलो आणि माझी आखाजी चुलीपुढे गेली.

मोटर खळ्यातल्या छपराखाली आली. तिच्या पोटात गाळ भरला होता. नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनिंगमधला मिस्त्री आला. त्यानं तिचा एकेक अवयव सुटा केला आणि कारण शोधून काढलं. ब्रेकच्या दांडीला जोडणारी बोटाएवढी खीळ आतून गंजली होती, तीच तुटली. मिस्त्री तंबाखू चोळत म्हणाला, "बाकी गाडी सडली तरी चालेल, आबा. ब्रेकला गंज लागता कामा नये. गंजानंच घात केला." आबांच्या मनावर हे असं कोरलं गेलं, की त्या दिवसापासून आमच्या घरात गंजाबद्दल तो कोणी वैरी असल्यासारखं बोललं जाऊ लागलं.

ब्रेकचे भाग सांभाळायचे कोणी? आबा म्हणाले, जी मोटरीत बसणार तिनंच. मिस्त्रीनं मला ओसरीच्या दाराआडून शिकवलं. चार लोखंडी ड्रम, त्यांना आतून घासून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे, ज्यांना तो बूट म्हणे, स्प्रिंगा, दांड्या, खिळी. सगळं घासलेटनं धुवायचं, काचकागदानं घासायचं, उन्हात तापवून कोरडं करायचं. मग एरंडीच्या तेलाचा पातळ हात फिरवायचा आणि मेणकापडात गुंडाळायचं. बुटांवर जो तपकिरी पट्टा होता त्याला मात्र तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही. त्याला तेल लागलं तर ब्रेक घसरतो आणि पुन्हा डोहात जायची पाळी. ते बूट मी वेगळ्या फडक्यात बांधले. नवी खीळ मिस्त्रीनं स्वतः घडवून दिली. ती तर मी मंगळसूत्रासारखी जपली.

खळ्यात ओल असायची, म्हणून सगळं गाठोडं मी स्वयंपाकघरातल्या माळ्यावर, चुलीच्या बरोबर वर ठेवलं. धगीनं ते कोरडं राहायचं. पावसाळ्यात दर आठवड्याला काढायचं, पुसायचं, तेल द्यायचं, परत चढवायचं. एकदा मी तेलाआधी घामाच्या हातानं ड्रम धरला, तर काही दिवसांनी त्यावर माझी चार बोटं तांबड्या गंजात उमटलेली. मी दचकलेच. त्यानंतर हात राखेनं कोरडे केल्याशिवाय मी कशाला शिवत नसे. भाकरी थापताना मान वर केली की ते गाठोडं दिसायचं. डोक्यावर चार लोखंडी ड्रम आणि त्यांखाली मी. आठवड्यांमागून आठवडे, दुसरं क्षितिज मला नव्हतं.

पण मी चिडून का होईना, काम मन लावून करत होते. माझा हिशोब सरळ होता. इंजिनाचं आबा आणि मिस्त्री बघून घेतील, पण माझ्या वाट्याच्या ब्रेकमुळे एक दिवसही उशीर व्हायला नको. मोटर जितकी लवकर उभी राहील तितकी मी लवकर सुटेन.

मग महायुद्धाची लढाई सुरू झाली. मुंबईहून यायचे ते सामान येईना. मिस्त्रीला फौजेच्या कारखान्यात जास्त पगार मिळाला, तो गेला. पेट्रोल रेशनच्या कागदावर आलं, टायर तर डोळ्यांनी दिसेनात. आखाजी आली, भाऊ मुराळी होऊन आला. आबांनी त्याला मांडीला मांडी लावून आमरस आणि मांडे खाऊ घातले, जाताना आंब्यांची करंडी दिली, आणि म्हणाले, "मोटर व्हई जाऊ दे भो, मीच लई येसू तिले." भाऊ करंडी घेऊन माघारी गेला. पुढच्या आखाजीलाही तेच. गावातल्या सुना एकेक करून माहेरी निघून गेल्या. गावातल्या लेकी सासरहून आल्या. त्यांच्या झोक्यांची गाणी मला माळ्याखाली ऐकू यायची, आणि मी खिळीला तेल लावत असायचे.

नवऱ्याला मी विचारलं. ते शहाद्याला शाळेत मास्तर होते, चार पुस्तकं शिकलेले. म्हणाले, "आबांनी चारचौघांत शब्द दिला आहे." मी म्हटलं, "शब्द त्यांनी दिला, तो फेडते आहे मी." ते चष्मा पुसायला लागले. चष्मा पुसण्यात त्यांचा हातखंडा होता.

मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे काही मी सांगायला नको. पण भर पावसाळा, तापीला पूर, आणि मोटर छपराखाली. मुलगी सासरीच झाली. आईला दम्यानं उठवत नव्हतं, ती येऊ शकली नाही. बाळंतिणीच्या खोलीत कोंडून घेतलेल्या त्या सव्वा महिन्यात मी रडले ते आईसाठी, आणि काळजी केली ती ब्रेकची. हसायचं तर हसा. सासूबाईंना मी खोलीतून ओरडून सांगायचे, "गाठोडं खाली काढा, तेल द्या." त्या म्हणायच्या, "देस व माय, देस."

सासूबाईंबद्दल सांगायचं राहिलं. त्या फार कमी बोलत. त्यांचं माहेर वर, तोरणमाळच्या पायथ्याकडे होतं. तिकडे त्या शेवटच्या कधी गेल्या ते त्यांनाही आठवत नव्हतं. आता तिकडे जायला कोणी उरलंही नव्हतं. मी त्यांना घरातली एक उतरंड समजून चालले होते. काम करणारी, न हलणारी.

खोलीतून बाहेर आले आणि पहिल्यांदा माळ्यावर हात घातला. गाठोडं नव्हतं. शोधता शोधता कोठीच्या खोलीत, बियाण्याच्या मडक्यांच्या रांगेत, एका रांजणात सापडलं. आमच्याकडे तुरीचं, उडदाचं बी चुलीच्या राखेत कालवून ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही. सासूबाईंनी मेणकापड सोडून ड्रम, दांड्या, स्प्रिंगा सगळं राखेत पुरून ठेवलं होतं. बी ठेवतात तसं. त्यात पावसाळ्याची ओल. राख पाणी पिऊन घट्ट झालेली. मी ड्रम उपसला तर तो तांबडालाल, खपल्या धरलेला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडले, "अहो, हे काय बियाणं आहे का? पेरणार होतात काय?" आबा धावत आले. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग हसायला लागले. गावभर झालं, आबाच्या घरी मोटरीचं बी ठेवलंय, पावसात पेरलं की चार मोटरी उगवतील. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आते. कितला घासशी?"

मी ऐकते कुठली! ओल्या बाळंतिणीनं, पोर मांडीवर घेऊन, विटकरीच्या भुकटीनं आणि चिंचेच्या कोळानं ते ड्रम घासले. दिव्यातलं घासलेट वाचवून दांड्या भिजवल्या. बोटांची सालं निघाली. सगळं पुन्हा होतं तसं झालं. खिळीवर खोल खड्डे पडले होते, तेही मी काचकागदानं घासून घासून गुळगुळीत केले, तशी ती मधे काडीसारखी बारीक झाली. आबा येऊन बघून गेले, म्हणाले, "वाघीण शे मन्ही वहू." मला बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं. सासूबाई मात्र दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्यानंतरच्या आखाजीच्या आधीच, उन्हं तापायला लागली तेव्हा भाऊ आला. मुराळी म्हणून नाही. आईनं अंथरूण धरलं होतं. तिला बाकी काही नको होतं, मला आणि नातीला एकदा बघायचं होतं. भाऊ ओसरीत आबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "आबा, आते थांबू नका. माय दाराकडे देखी ऱ्हायनी." दाराआड मी पोरीला छातीशी धरून उभी होते. मला वाटलं, आता तरी.

आबांनी सासूबाईंना हाक मारली आणि माळ्यावरचं गाठोडं मागवलं. ते सोडून त्यांनी एकेक ड्रम माझ्या भावासमोर मांडला. उन्हात ते आरशासारखे चकाकत होते. "देख," ते म्हणाले. "गंजना ठिपका तरी शे का? हाई मरेल मोटर शे का? टायर येवाले लागनात. या आखाजीले मी स्वतः तिले लई येसू."

भावानं ते ड्रम बघितले. इतके लख्ख, इतके तयार. त्याला खरंच वाटलं असावं की मोटर आता दोन दिवसांत निघेल. तो उन्हं उतरायच्या आत एकटा परत गेला.

मी स्वयंपाकघरात येऊन चुलीपुढे बसले. माझ्याच हातांनी केलेली चकाकी माझ्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली होती. सुटका व्हावी म्हणून मी जे वर्षानुवर्षं घासत होते, ती माझ्याच कोंडीची कडी होती. ती मी गंजू दिली नव्हती. पोर रडत होती, तिला उचलायचंही भान नव्हतं.

सासूबाईंनी तिला उचललं. माझ्याशेजारी बसल्या, दार लोटून घेतलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "राखमा मी जानीबुझी घालं व्हतं."

"मुद्दाम?" मी विचारलं.

"मी काय याडी शे? जलमभर तवा घासा मी. ओली राख लोखंडले खाई जास, हाई माले समजत नई का? मनमा म्हनं, ब्रेक गया का मोटर गयी. मोटर गयी का यास्ना शब्द गया. मंग कोन अडावस तुले?" त्यांनी पोरीच्या पाठीवर थोपटलं. "आनी तू घासत बसनी."

मला त्यांच्या गळ्यात पडून रडायचं होतं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचीही होती. दोन्ही केलं नाही. मी उठले आणि चुलीतली राख भरायला लागले. सासूबाई मिठाची बरणी घेऊन आल्या. मागचा अनुभव होता ना, या वेळी त्यांना घाई होती. रांजणात राख, मीठ आणि आंबट ताक कालवलं, मेणकापडं सोडली आणि एकेक भाग त्यात दाबला. खीळ मी सगळ्यात शेवटी टाकली. सकाळ-संध्याकाळ झाकण काढून आम्ही दोघी बघायचो, लोणचं मुरलं का बघतात तसं. ओठांत हसायचो. एवढ्या वर्षांत त्या घरात मी मोकळेपणी हसले ती तेव्हाच, आणि त्या हसण्यामागे सारखी धाकधूक की आई तोवर राहते की नाही.

आठवड्याभरानं आम्ही सगळं बाहेर काढलं. ओसरीत आबा चहा घेत होते. मी डोक्यावर पदर घेऊन त्यांच्यासमोर एकेक ड्रम ठेवला. खपल्या गळून जमिनीवर तांबडी भुकटी सांडली. शेवटी दांडी आणि खीळ.

आबांनी ड्रमवर बोट ओढलं. बोट लाल झालं. "कोनी करं हाई?" त्यांनी विचारलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "तुमनी मोटर मरी गयी. आते पोरले जाऊ द्या."

सासऱ्यांसमोर मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. "मी बी," मी म्हटलं.

आमचे हे ओसरीच्या कडेला चष्मा पुसत उभे होते. आबांनी खीळ उचलली. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. थकलेला होता. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून वाकवली तशी ती मधोमध, घासून बारीक झालेल्या जागी तुटली. मला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं, की आपल्या शब्दात हा माणूसही माझ्याइतकाच अडकून पडला होता, आणि त्याला बाहेर काढणारं कोणी नव्हतं. त्यांनी खिळीचे दोन्ही तुकडे चहाच्या बशीत ठेवले आणि अंगणाकडे तोंड करून हाक दिली, "गाडी जुपा रे! वहूले माहेर जानं शे."

गाडी निघाली तेव्हा सासूबाई वेशीपर्यंत चालत आल्या. मी म्हटलं, "तुम्हीही चला." त्या म्हणाल्या, "मी कोठे जाऊ?" आणि परत फिरल्या. प्रकाशाच्या घाटावर गाडीवान खाली उतरला, चाकामागे लाकडाचा ओंडका अडकवला आणि बैलांना चुचकारत आम्हांला सावकाश नदीत उतरवलं. डोहाजवळून जाताना मी पोरीला घट्ट धरलं. तापीत गुडघाभरच पाणी होतं.

नवापूरला पोचले तेव्हा आई अंथरुणावर होती, पण होती. तिनं नातीला पोटाशी घेतलं, तिची बोटं मोजली, कान बघितले. मग माझा हात ओढून तळवा उलटा-सुलटा केला. ताक-राखेतून उपसलेला गंज बोटांच्या चिरांत आणि तळव्याच्या रेषांत तांबडा बसला होता. वाटेत मी दोनदा हात धुतले, तो गेला नव्हता. आईला नीट दिसत नव्हतं आणि आखाजी तोंडावर आली होती.

"मस्त रंगनी व मेंदी," ती म्हणाली. "कोनी काढी?"

"सासूबाईंनी," मी म्हटलं.